सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडल्यावर मुंबई सिटी एफसीचं काय होणार, आणि क्रात्कीला ठेवावं का? (एका नाशिककर समर्थकाचं उत्तर)

तुम्ही एकाच प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात: प्रशिक्षक पेत्र क्रात्की राहावा का, गेल्या दोन वर्षांत क्लबने खेळाडूंची जी देवघेव केली ती कशी वाटते, आणि सिटी फुटबॉल ग्रुप (२०१९ पासूनचा क्लबचा मुख्य मालक) गेल्यावर क्लबचं भवितव्य काय. आधी थोडक्यात सांगतो. क्रात्की राहावा, २०२५-२६ चा हंगाम संपेपर्यंत तरी त्याच्या खुर्चीला कुणी हात लावू नये. देवघेव वाईट झाली, आणि त्यातही आपले भारतीय खेळाडू सोडले ते सगळ्यात वाईट. भवितव्याचं उत्तर या दुसऱ्या मुद्द्यातच दडलंय, म्हणून तिथेच जरा जास्त वेळ घेणार आहे.

मी नाशिकचा. इथे क्रिकेटचंच राज्य आहे. गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना लागला की अख्खं शहर तिकडे वळतं. फुटबॉल म्हटलं की देवळाली कॅम्प आणि तिथल्या बोर्डिंग शाळा आठवतात. तरीही २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राचे दोन क्लब होते, मुंबई आणि पुणे. मी मुंबई निवडली. माझ्या काही मित्रांनी पुणे निवडलं, आणि २०१९ मध्ये त्यांच्या हातात काहीच उरलं नाही. एफसी पुणे सिटी बंद पडला. त्याची जागा हैदराबादला गेली, हैदराबादने २०२२ मध्ये कपही जिंकला, आणि २०२५ मध्ये तोसुद्धा क्लब उचलून दिल्लीला नेला. सहा वर्षांत एकच जागा तीन शहरांत फिरली. मालक बदलतात तेव्हा समर्थकाच्या पोटात गोळा येतो तो याच कारणाने. तुम्ही ‘भवितव्य’ हा शब्द वापरलात तेव्हा तुमच्याही मनात हेच असणार.

आता पार्श्वभूमी, ज्यांनी मधल्या काळात लक्ष दिलं नाही त्यांच्यासाठी. पहिली पाच वर्षं आम्ही नावांवर जगलो: युंगबर्ग, अनेल्का, फोर्लान. २०१६ मध्ये प्रशिक्षक ग्विमाराइशच्या हाताखाली गुणतक्त्यात पहिले आलो आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरलो. जॉर्ज कॉस्टाने २०१८-१९ मध्ये पुन्हा तिथवर नेलं, पण घरच्या मैदानावर गोव्याने पाच गोल घातले. (कॉस्टा ऑगस्ट २०२५ मध्ये गेला. मुंबईच्या फुटबॉलला शिस्त लावायचा पहिला प्रामाणिक प्रयत्न त्याचा होता, असं मी मानतो.) नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, म्हणजे मँचेस्टर सिटी, मेलबर्न सिटी, जिरोना या क्लबांचाच मालक आमचाही मालक झाला. त्यानंतर जे झालं ते भारतीय फुटबॉलमध्ये फार कमी क्लबांच्या वाट्याला आलंय.

२०२०-२१ मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने लीग शिल्ड (गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याची) आणि कप (त्यानंतरच्या बाद फेरीचा, म्हणजे प्लेऑफचा) दोन्ही जिंकून दिले. करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यात, प्रेक्षकांविना. फातोर्ड्यावरच्या फायनलमध्ये ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला. २०२२ मध्ये पुढचा प्रशिक्षक डेस बकिंगहॅमचा संघ रियाधला गेला आणि इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. विजयी गोल राहुल भेकेचा, मुंबईच्याच पोराचा, हेडरने. २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने अपराजित राहून, ५४ गोल करून पुन्हा शिल्ड. आणि ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर, कोलकात्याच्या खचाखच गर्दीसमोर, मोहन बागानला ३-१ हरवून दुसरा कप.

हा शेवटचा कप क्रात्कीचा. क्रात्कीबद्दल बोलताना लोक हे फार लवकर विसरतात. तो डिसेंबर २०२३ मध्ये, चालू हंगामात आला. बकिंगहॅम नोव्हेंबरात ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेला होता. मधल्या फळीचा कणा असलेला ग्रेग स्ट्युअर्टही त्याच हिवाळ्यात गेला. आशियाई स्पर्धेत गटातले सहाच्या सहा सामने आम्ही हरलो होतो. अशा अवस्थेतला संघ हातात घेऊन त्याने शिल्ड एका गुणाने गमावली, ४७ विरुद्ध ४८, तीही शेवटच्या सामन्यात, बागानच्याच मैदानावर. नऊ दिवसांनी गोव्यात उपांत्य फेरीचा पहिला सामना. ९०व्या मिनिटापर्यंत आम्ही ०-२ मागे. मग आमच्या छांगटेचा गोल, विक्रम प्रतापचा, परत छांगटेचा, आणि सामना ३-२ ने आमचा. मी भारतीय क्लब फुटबॉलमध्ये त्याहून थरारक सात-आठ मिनिटं पाहिलेली नाहीत. शिल्ड हातची गेल्यावर नऊ दिवसांत खेळाडूंना असं उभं करणारा माणूस साधा प्रशिक्षक नसतो.

त्याच्याविरुद्धचा मुद्दाही खरा आहे, तो टाळत नाही. २०२४-२५ मध्ये आम्ही सहावे आलो. २४ सामन्यांत ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव. नऊ बरोबरी म्हणजे चेंडू आपल्याकडे, पण गोल नाही. गोलरक्षकापासून शांतपणे पास देत वर यायचं, प्रतिस्पर्ध्याला ओढून घ्यायचं आणि मग बाजूने छांगटेला मोकळी जागा द्यायची, ही त्याची पद्धत. समोरचा संघ खाली बसून राहिला की मात्र चेंडू नुसता डावीकडून उजवीकडे फिरत राहतो. अशा वेळी खेळ बदलायला तो उशीर करतो, ही माझी त्याच्याबद्दलची मोठी तक्रार. मग २९ मार्च २०२५ ला बंगळुरूत प्लेऑफमध्ये ०-५. त्या रात्री आमच्या समर्थकांच्या ग्रुपवर त्याला हाकला म्हणणारे अर्ध्याहून जास्त होते.

पण त्या रात्री समोर कोण खेळत होतं ते पाहा. बंगळुरूच्या बचावात राहुल भेके, मधल्या फळीत आल्बर्टो नोगेरा, आणि पाच गोलांपैकी एक होर्हे पेरेरा डियाझचा. तिघेही वर्षभरापूर्वी सॉल्ट लेकवर निळ्या जर्सीत होते. फायनलमध्ये आमची बरोबरी साधणारा गोल नोगेराच्या पासवर डियाझनेच केला होता.

इथून देवघेवीवर येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात, कप जिंकून काही आठवडे उलटतात न उलटतात तोच, संघाचा सांगाडाच बाहेर गेला. डियाझ, नोगेरा, भेके बंगळुरूला. आपुइया मोहन बागानला. स्ट्युअर्टही पुढे बागानच्याच जर्सीत दिसला. परदेशी खेळाडूंचं मला फार दुःख नाही. ते दोन-तीन वर्षांसाठी येतात, जातात, आणि त्यांच्या जागी तसे दुसरे मिळू शकतात. निकोस कॅरेलिस आला आणि त्याने त्या हंगामात गोल केलेच. पण आपुइया आणि भेके यांच्या जागी कोण?

आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात. म्हणजे अकरांत सात भारतीय, आणि संघ खरा ठरतो तो या सात जणांवर. परदेशी स्ट्रायकर पैशांत मिळतो, जगभर बाजार पडलाय. पण दबावाखाली चेंडू मागणारा, वळून पुढे पास देणारा भारतीय मिडफिल्डर? देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आपुइया त्यातला एक. चोविशीही न गाठलेला, भारतीय संघात नियमित खेळणारा मुलगा आम्ही आमच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याला जाऊ दिला. पुढच्याच हंगामात बागानने शिल्ड आणि कप दोन्ही घेतले, आणि जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत निर्णायक गोल केला तो आपुइयानेच. ब्रँडन फर्नांडिस गोव्याहून आला. उत्तम खेळाडू, मला मनापासून आवडतो, पण तो वेगळ्या जातीचा खेळाडू आहे. पुढे खेळवायचा माणूस. आपुइया जी जमीन तयार करायचा ती तयार करणं ब्रँडनचं काम नाही.

तरी मी तेव्हा म्हणत होतो की एक वर्ष द्या, नवे बसतील. मग २०२५ मध्ये मेहताब सिंगही बागानला गेला आणि बिपिन सिंग ईस्ट बंगालला. बिपिन! २०२१ च्या फायनलचा गोल त्याचा, २०२४ च्या फायनलचा दुसरा गोलही त्याचा. दोन कप आणि दोन्हीत गोल असलेला दुसरा माणूस आमच्या इतिहासात नाही. वय तिशीचं झालं होतं, वेग थोडा कमी झाला होता, हिशेबाच्या वहीत ते योग्य बसत असेल. पण ड्रेसिंग रूममध्ये नव्या पोराला ‘इथे कसं जिंकतात’ हे सांगणारे भारतीय खेळाडू उरले किती? २०२४ च्या फायनलमध्ये गोल करणारे तिघे म्हणजे डियाझ, बिपिन आणि वोयटुश. त्यानंतर तिघेही क्लब सोडून गेले.

यात क्रात्कीचा दोष किती? माझ्या मते थोडा. कोणाला ठेवायचं आणि कोणाचा करार वाढवायचा हे आयएसएलमध्ये प्रशिक्षक एकटा ठरवत नाही, आणि सिटी ग्रुपच्या रचनेत तर नाहीच. घराचे वासे दुसऱ्याने काढून नेले आणि छप्पर गळतं म्हणून गवंड्याला बोल लावला, तसं झालं हे. सहाव्या क्रमांकाचा संघ त्याच्या हाती देऊन त्याच्याकडे पहिल्या क्रमांकाचा हिशेब मागणं मला पटत नाही.

आता सिटी ग्रुप. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे आला. कारण सगळ्यांना दिसतंय. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी एफएसडीएल यांचा १५ वर्षांचा करार त्याच महिन्यात संपला, त्याआधी जुलैपासून स्पर्धाच लटकली होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, आणि व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. जिथे पुढचा सामना कधी हे कुणी सांगू शकत नाही तिथे परदेशी गुंतवणूकदार थांबत नाही. मला राग आहे, पण तो ग्रुपपेक्षा त्या वर्षभराच्या घोळावर जास्त आहे.

लोक म्हणतात, पैसा गेला. मला वाटतं पैशापेक्षा मोठी गोष्ट गेली, ती म्हणजे प्रशिक्षक निवडायची यंत्रणा. बकिंगहॅम मेलबर्न सिटीत सहायक होता, तिथून आला. क्रात्कीही मेलबर्न सिटीतच सहायक होता, तिथूनच आला. लोबेराला ग्रुपने पुढे चीनमधल्या आपल्या क्लबात नेलं. एक गेला की त्याच पद्धतीत तयार झालेला दुसरा येई, म्हणून प्रशिक्षक बदलले तरी आमचा खेळ बदलला नाही. बकिंगहॅमने मे २०२४ मध्ये वेम्बलीवर ऑक्सफर्डला चॅम्पियनशिपमध्ये (इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत) चढवलं, त्याच महिन्यात क्रात्कीने आम्हाला कप दिला. एकाच क्लबच्या आजी आणि माजी प्रशिक्षकाने पंधरवड्यात दोन देशांत हे करून दाखवलं. आता तो झरा बंद झालाय. उद्या क्रात्की गेला तर पुढचं नाव कोण सुचवणार? एखादा एजंट? म्हणूनच मी म्हणतो की त्या यंत्रणेतून आलेला, आपल्याकडे उरलेला शेवटचा माणूस हा प्रशिक्षकच आहे, आणि त्याला घाईने घालवणं परवडणारं नाही. लोबेरा तर नोव्हेंबर २०२५ मध्ये मोहन बागानचा प्रशिक्षक झाला. आपण शिकलेला खेळ तो त्यांना शिकवणार आणि आपण मात्र पाटी पुसून बसणार, हे मला सहन होणार नाही.

१४ फेब्रुवारी २०२६ पासूनच्या हंगामात १४ संघ, एकेरी फेरी, प्रत्येकाला १३ सामने. इतक्या छोट्या हंगामात दोन वाईट आठवडे म्हणजे सगळं संपलं. त्यात आम्ही पहिल्या तिघांत येऊ असं मी म्हणणार नाही. पहिल्या सहांत असू, आणि छांगटे तंदुरुस्त राहिला तर चौथ्या-पाचव्यापर्यंत जाऊ असा माझा अंदाज. सगळा खेळ छांगटेवर आहे. सलग दोन वर्षं देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस आपल्याकडे आहे. त्याचा करार, त्याचा मान, त्याच्याभोवतीचा संघ, नव्या-जुन्या मालकांनी सगळ्यात आधी हे सांभाळायला हवं. तोही बागानला गेला तर माझ्यासारख्यांनी कशाच्या आशेवर राहायचं?

पैशाचंही बोलू. २०२४-२५ पर्यंत कप जिंकला तर बक्षीस ६ कोटी होतं, शिल्डचं साडेतीन कोटी. अंधेरीच्या मैदानात साडेसहा-सात हजार माणसं मावतात. यातून क्लबचा खर्च निघत नाही हे कुणालाही कळेल. त्यामुळे मोठे परदेशी आणायची स्पर्धा आता आपल्याला जमणार नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. पैसा कमी असेल तेव्हा तो भारतीय पोरांवर लावावा, आणि ती पोरं शोधायला मिझोराम-मणिपूरच्या जोडीने कल्याणच्या पुढेही यावं. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना लागला की शाहू स्टेडियम भरून वाहतं. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. राज्यातला आयएसएलमधला एकच क्लब आहे आणि त्याची दारं कोल्हापूर, नागपूर, नाशिकच्या पोरांना सहज उघडी नाहीत. इथे गंगापूर रोडच्या आणि इंदिरानगरच्या टर्फवर रात्री अकरापर्यंत पोरं खेळतात. त्यांच्या अंगावर जर्सी असते रेआल माद्रिदची नाहीतर मँचेस्टरची. त्यांना बघायला मुंबईचा एक स्काऊट वर्षातून एकदा आला तरी चित्र पालटायला सुरुवात होईल. मी हे क्लबला मेलवर लिहिलंय, पुन्हा लिहीन, तुम्हीही लिहा.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की नाशिकहून सामन्याला जाणं जमतं का. जमतं, पण हट्ट लागतो. सामना संध्याकाळी साडेसातचा असला तर परतीची पंचवटी एक्स्प्रेस कामाची नाही. ती सीएसएमटीहून सहाच्या सुमारास सुटते, म्हणजे आपण मैदानात शिरण्याआधीच ती ठाण्याच्या पुढे गेलेली असते. मग दादर किंवा कल्याणहून रात्रीची लांब पल्ल्याची गाडी पकडायची, नाहीतर चौघांनी मिळून कार काढायची. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टी टळते, त्यामुळे सामना बघून रात्रीच घरी पोचणं आता खूप सोपं झालंय. पेट्रोल आणि टोल चौघांत वाटला की फार होत नाही. पहिल्यांदा जात असाल तर वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या समर्थक गटाच्या बाजूचं तिकीट काढा, तिथे पूर्ण ९० मिनिटं उभं राहून ओरडतात, आणि ‘आमची सिटी’ म्हणताना तुम्ही कुठल्या गावचे हे कुणी विचारत नाही. घरच्या सामन्यांचं वेळापत्रक लागलं की मी जाणार आहे, गाडीत दोन जागा रिकाम्या असतात. नाशिकरोड, द्वारका किंवा पाथर्डी फाटा, कुठूनही बसा.